गुण कुणी दिले?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते : किनाऱ्यावर भिंत बांधायची की नाही, हा प्रश्न अभियंत्यांचा कमी आणि तिथे राहणाऱ्यांचा जास्त असतो, आणि तो सोडवायच्या सरळ, पायरीपायरीच्या पद्धती आहेत. त्यावर ढीगभर पत्रं आली. काही रागाची, बरीचशी गोंधळलेली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. मी स्वतः पहिली अकरा वर्षं समुद्रभिंतींची आरेखनं काढली. पुढची वीस वर्षं लोकांना एका टेबलाभोवती बसवून 'भिंत खरंच हवी का' हे त्यांचं त्यांना ठरवता यावं म्हणून खटपट केली. त्यामुळे माझ्या उत्तरांत दोन्ही बाजूंचे पूर्वग्रह सापडतील. सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या वस्तीसमोरचा किनारा दरवर्षी मागे सरकतो आहे. बैठकीत सल्लागारांनी एक तक्ता दाखवला. सहा निकष, चार पर्याय, प्रत्येकाला दहापैकी गुण. बेरीज करून भिंतीला ७.८ आणि वाळू टाकण्याला ७.१. 'आकडे दशांशात आहेत, म्हणजे शास्त्रीयच,' असं अध्यक्ष म्हणाले आणि विषय संपला. संरचित निर्णयप्रक्रिया म्हणतात ती हीच का? तिच्यावर विश्वास ठेवावा का? – रहिवासी समितीच्या एक सदस्य

उत्तर : नाही. तुम्हाला दाखवलं ते त्या प्रक्रियेचं शेवटचं पान आहे, आणि तेही फाडून आणलेलं.

हे मी ठामपणे सांगते, कारण असा तक्ता मीही एकदा भिंतीवर लावला होता. लहानसा उपसागर, काठावर मच्छीमारांची वस्ती, साठेक होड्या. मी पाच निकष घेतले होते आणि उपजीविकेच्या रकान्यात भिंतीला पाचपैकी चार गुण दिले होते. माझा हिशेब सोपा होता : भिंतीमुळे मागचा रस्ता वाचेल, रस्ता वाचला की मासळी बाजारात पोचेल. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, 'हे गुण कुणी दिले?' तज्ज्ञांच्या गटाने, मी म्हणाले. 'त्यातल्या कुणी कधी होडी ओढायला हात लावलाय?'

कुणीच लावला नव्हता. होड्या पुळणीवर ओढून ठेवायच्या असतात. भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भरतीच्या वेळी भिंतीसमोर कोरडी वाळू उरत नाही. रस्ता शाबूत राहिला असता, पण त्या रस्त्यावरून न्यायला मासळी कुठून आली असती?

चारच्या जागी एक लिहून ही चूक सुधारत नाही, हे कळायला मला बराच काळ लागला. 'चार गुण' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक वस्तुस्थिती : अमुक पर्याय घेतला तर भरतीला किती मीटर कोरडी पुळण उरेल? हे मोजायचं काम माझ्यासारख्यांचं. दुसरी किंमत : ती पुळण गेली तर किती बिघडलं? हे सांगायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा. गुण दिले की दोन्ही एका आकड्यात मिसळतात आणि कोण कुणाच्या वतीने बोललं हे दिसेनासं होतं. दशांश चिन्हाने त्यावर रंगाचा हात फिरतो, एवढंच.

आता प्रक्रियेविषयी. निर्णयशास्त्रात तिचा एक सुटसुटीत साचा 'प्रोॲक्ट' या नावाने ओळखला जातो. हॅमंड, कीनी आणि रायफा या तिघांनी तो १९९० च्या दशकात रूढ केला. आधी प्रश्न, मग उद्दिष्टं, मग पर्याय, मग परिणाम आणि शेवटी देवाणघेवाण, म्हणजे कशासाठी काय सोडायचं ते. तिघांपैकी राल्फ कीनी यांचा आग्रह मला सगळ्यात मोलाचा वाटतो : पर्यायांपासून सुरुवात करू नका, आपल्याला काय हवं आहे तिथून करा. किनाऱ्यावरच्या बैठका नेमक्या उलट चालतात. कुणीतरी 'भिंत' म्हणतं, लगेच दोन तट पडतात आणि पुढची तीन वर्षं भिंत या एकाच शब्दावर भांडण चालतं.

प्रश्नाची हद्द आखणं ही पहिली पायरी कंटाळवाणी वाटते. ती चुकली की पुढचं सगळं बरोबर असूनही फसतं. अमेरिकेत लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेस्टहॅम्प्टन इथे १९६० च्या दशकात आणि १९७० मध्ये मिळून पंधरा दगडी बांध समुद्रात काटकोनात काढले. ती रांग पश्चिमेकडे पुढे न्यायची होती, ती मध्येच थांबली. तिथे किनाऱ्यालगतची वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. ती बांधांमध्ये अडकली आणि बांधांसमोरची पुळण छान रुंद झाली. पलीकडचा किनारा मात्र उपाशी राहिला. डिसेंबर १९९२ च्या वादळात तिथला वाळूचा पट्टा फुटून समुद्र आत घुसला. बांध ज्यांच्यासमोर होते त्यांना विचारलं असतं तर त्यांनी योजनेला पैकीच्या पैकी दिले असते. म्हणून पहिल्या बैठकीत मी नकाशावर बोट ठेवून विचारते : आपली वाळू कुठून येते आणि आपल्याकडून कुठे जाते? त्या दोन्ही टोकांची माणसं खोलीत आहेत का?

मग उद्दिष्टं. इथे एकच अवजार लागतं, 'कशासाठी?' हा प्रश्न. 'भिंत हवी.' कशासाठी? 'पाणी घरात येऊ नये.' हे उद्दिष्ट झालं. 'खारफुटी लावा.' कशासाठी? कुणी म्हणतं लाट मोडावी म्हणून, कुणी म्हणतं माशांची पिल्लं तिथे वाढतात म्हणून. ही दोन निराळी उद्दिष्टं आहेत, दोन्ही लिहायची. खारफुटी हे साधन, भिंतही साधनच. साधनांवर भांडणारी माणसं उद्दिष्टांच्या यादीवर बहुतेक वेळा एकमेकांशी सहमत निघतात, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. मात्र प्रत्येक उद्दिष्ट कशात मोजायचं तेही तिथेच ठरवायचं, आणि शक्यतो गुणांत नाही. किती घरांत पाणी, वर्षातले किती दिवस रस्ता बंद, भरतीला किती मीटर कोरडी वाळू, दरसाल देखभालीला किती पैसे.

पर्याय यानंतर. सल्लागारांनी चार तयार आणले म्हणून चारच असतात असं नाही. 'काहीच न करणं' हा पर्यायही तक्त्यात हवा, आणि त्याचे परिणामही तितक्याच बारकाईने लिहायला हवेत. तो वगळला की बाकी सगळे फुकट फायद्याचे दिसतात. मागे सरकणं हाही पर्याय असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेडमेरी इथे २०१३ मध्ये जुना बांध मुद्दाम फोडून समुद्राला आत घेतलं आणि आतल्या बाजूला सुमारे सात किलोमीटर लांबीचा नवा बांध घातला. नव्या बांधापुढच्या जमिनीवर खारट दलदल वाढते आणि तीच लाटांचा जोर खाते. सगळीकडे हे जमेल असं नाही. मागे मोकळी जमीनच नसेल तर सरकणार कुठे?

उरली देवाणघेवाण, म्हणजे तुमच्या अध्यक्षांनी ज्यावरून उडी मारली तो भाग. 'सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची, तिला चाळीस टक्के' असं जे केलं जातं ते बहुतेक वेळा निरर्थक असतं. चारही पर्यायांत पाणी घुसणाऱ्या घरांच्या संख्येत दोनाचाच फरक असेल आणि पुळणीच्या रुंदीत तीस मीटरचा, तर प्रत्यक्षात निवड पुळणीची आहे, सुरक्षिततेची नाही. म्हणून मी लोकांना असं करायला सांगते : प्रत्येक उद्दिष्टाचा या चार पर्यायांतला सगळ्यात वाईट निकाल एका कागदावर उतरवा. सगळ्यात जास्त खर्च, सगळ्यात अरुंद पुळण, सगळ्यात जास्त घरांत पाणी. आता यातली एकच गोष्ट वाईटावरून चांगल्यावर न्यायची मुभा आहे. कुठली न्याल? ती झाली, आता दुसरी कुठली? या क्रमातून भार निघतात, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती वजन द्यायचं ते आकडे, आणि ते हवेतले नसतात, समोरच्या खऱ्या फरकांना चिकटलेले असतात. प्रत्येकाने हे एकट्याने करायचं आणि मग कागद शेजारीशेजारी ठेवायचे. कागद जुळले नाहीत तरी पुष्कळदा दोन-तीन पर्याय सगळ्यांच्याच यादीत तळाला जातात. तेवढे बाद झाले तरी एक संध्याकाळ सत्कारणी लागली.

पुढच्या बैठकीत सल्लागारांना एवढंच विचारा : गुणांच्या आधीचे मोजलेले आकडे कुठे आहेत? भार कुणी ठरवले? आणि ते थोडे हलवले तर ७.८ आणि ७.१ यांची अदलाबदल होते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'होते' असं आलं तर तुमचा विषय अजून संपलेला नाही.

प्रश्न : या कामासाठी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं? – संगणक अभियंता

उत्तर : मोठा कागद, जाड पेन आणि साधी स्प्रेडशीट. लाटा, वाळू आणि पूर यांच्या गणितासाठी प्रारूपं (मॉडेल) लागतात, त्यांना पर्याय नाही. पण किंमत ठरवायच्या टप्प्यावर सॉफ्टवेअर जितकं देखणं, तितका लोकांचा हात तक्त्यापासून लांब जातो. ज्या तक्त्यावर समोरच्या माणसाला पेनने काट मारता येत नाही, त्यावर तो मनातल्या मनात काट मारतो आणि निघून जातो.

प्रश्न : समुद्र २१०० पर्यंत किती वाढेल याचे वेगवेगळे आकडे वाचतो. कुठे ३० सेंटिमीटर, कुठे एक मीटर, कुठे दोन. इतकी अनिश्चितता असेल तर निर्णय घेणार कशावर? थांबणंच शहाणपणाचं नाही का? – निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, आकडे तुम्ही बरोबर वाचलेत. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या २०२१ च्या अहवालात उत्सर्जन सगळ्यात कमी राहिलं तर शतकाअखेरी ०.२८ ते ०.५५ मीटर आणि सगळ्यात जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर अशी बहुधा दिसणारी वाढ दिली आहे. ही १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत. बर्फाचे थर अनपेक्षितपणे कोसळले तर दोन मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही त्यांनी नाकारलेली नाही.

जुन्या पद्धतीत या सगळ्यातून एक आकडा निवडावा लागे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटेच्या उधाणात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर डेल्टा आयोग बसला आणि गणितज्ञ डेव्हिड व्हान डान्ट्सिख यांनी तटबंध किती उंच असावा याचं गणित मांडलं, १९५६ मध्ये ते प्रसिद्धही झालं. तटबंध उंच करायला येणारा खर्च आणि तो न केल्यास होणारं संभाव्य नुकसान, दोन्हींची बेरीज जिथे कमीत कमी होते ती उंची. इतकं स्वच्छ गणित की मी विद्यार्थिनी असताना त्याच्या प्रेमात पडले होते. पण त्याला वादळांच्या शक्यता ठाऊक असाव्या लागतात आणि त्या फारशा बदलणार नाहीत हे गृहीत धरावं लागतं. आता ते धरता येत नाही.

म्हणून अलीकडे उत्तर एका उंचीत न देता वाटांत दिलं जातं. नेदरलँड्समधल्याच मारयोलेन हास्नोट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या पद्धतीची नीट मांडणी केली. कल्पना आगगाडीच्या नकाशासारखी. आज अमुक उपायाच्या गाडीत बसा. तो उपाय पाणी किती वाढेपर्यंत पुरतो हे आधीच काढून ठेवा. ते स्थानक जवळ आलं की कोणत्या गाडीत बदलता येईल हेही आधीच आखा. वाढ हळू झाली तर स्थानक २०८० मध्ये येईल, झपाट्याने झाली तर २०५० मध्ये. साल ठाऊक असण्याची गरज नाही, पाण्याची पातळी मोजत राहण्याची आहे.

थेम्स नदीच्या मुखाची योजना हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा निर्देशकांवर नजर ठेवायची आणि ठरावीक वर्षांनी योजना तपासायची, असं तिच्यातच लिहिलेलं आहे. आणि ती खरोखर तपासली गेली. २०२३ च्या सुधारणेत लंडनमधले थेम्स बॅरियर या नदीवरच्या पूर-अडसराच्या वरच्या बाजूचे तट उंच करण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर आणली. कागदावरची योजना स्वतःची तारीख पंधरा वर्षं अलीकडे ओढते, हे माझ्या व्यवसायात फार क्वचित पाहायला मिळतं.

तुमच्या 'थांबावं का' याचं खरं उत्तर मात्र थेम्स बॅरियरच्या इतिहासात आहे. १९५३ च्या त्याच पुराने लंडनला अडसर हवा हे पटवलं. तो कामाला लागला १९८२ मध्ये. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली. आता तो २०७० च्या सुमारापर्यंत पुरेल असा अंदाज आहे आणि त्याच्यानंतर काय, हे २०४० पर्यंत ठरवायचं आहे. म्हणजे थांबायला हरकत नाही, पण थांबण्याची मुदत मोजून घ्यायची. काम पुरं व्हायला जितकी वर्षं लागतात तितकी उलटी मोजा. तिथे आज येत असेल तर थांबणं हाही निर्णयच झाला, आणि तो सगळ्यात महागडा असू शकतो.

थोडं विषयांतर. वाळू टाकण्याला आमचे भिंतवाले नाकं मुरडतात, 'दरवर्षी पैसे पाण्यात' म्हणतात. नेदरलँड्सने १९९० ची किनारारेषा कायम राखायची असं ठरवलं आणि तेव्हापासून वाळू टाकत आले. २०११ मध्ये तर एका ठिकाणी २.१५ कोटी घनमीटर वाळूचा ढीगच समुद्रात रचला आणि लाटा-वाऱ्यांनी तो पसरवावा म्हणून सोडून दिला. वाळूचा मोठा गुण म्हणजे अंदाज चुकला तर पुढच्या खेपेला कमी-जास्त करता येतो. काँक्रीटला दुरुस्ती सांगता येत नाही. अनिश्चितता जास्त असेल तेव्हा 'मागे फिरता येणं' हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून तक्त्यात घाला. वाळू आणायची कुठून आणि तिथल्या तळाचं काय होतं, हा हिशेब अर्थात त्याच तक्त्यात हवा.

प्रश्न : स्पष्ट विचारतो. निर्णय आधीच झालेला असतो आणि या तुमच्या चौकटी त्याच्यावर शिक्का मारायला वापरतात. खोटं आहे का? – किनारी भागातला पत्रकार

उत्तर : खोटं नाही. कित्येकदा तसंच होतं आणि अशा दोन-तीन बैठकांत मी शिक्का होऊन बसलेही आहे. पण चौकट प्रामाणिकपणे वापरली तरी काय होतं तेही पाहा, ते जास्त अवघड आहे.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्याने १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन गमावली. तिथल्या राज्याने २०१२ मध्ये पन्नास वर्षांची, ५० अब्ज डॉलरची योजना केली. जवळजवळ चारशे प्रकल्प एकाच मापाने तपासून त्यातले १०९ निवडले. प्रत्येकाने किती जमीन घडेल किंवा टिकेल, पुराचं नुकसान किती टळेल, हे मांडलेलं होतं. अशा कामाचा मी पाहिलेला हा सगळ्यात गंभीर प्रयत्न. मिसिसिपी नदीचं गाळभरलं पाणी बाजूच्या दलदलीत सोडून नवी जमीन घडवायची, हा त्यातल्या मोठ्या कल्पनांपैकी एक. मिड-बॅराटेरिया नावाच्या त्या प्रकल्पाचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर. जुलै २०२५ मध्ये राज्याने तो रद्द केला. वाढता खर्च आणि कोर्टकज्जे ही कारणं दिली गेली. पण कालव (ऑयस्टर) आणि कोळंबी काढणाऱ्यांचा विरोध सुरुवातीपासून होता, कारण नदीचं गोडं पाणी त्यांच्या खाऱ्या पाण्यात येणार होतं.

हे नुकसान कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, अभ्यासात ते आलेलं होतं. पण अशा तक्त्यात बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. लाभ पन्नास वर्षांत हजारोंना थोडाथोडा, तोटा पुढच्या हंगामात मोजक्या घरांना आणि पुरता. म्हणून आता मी प्रत्येक उद्दिष्टाच्या ओळीखाली 'कुणाला' अशी पोटओळ काढायला लावते. उपजीविका : होडीवाल्यांची वेगळी, हॉटेलवाल्यांची वेगळी. त्याने तक्ता लांबतो, बैठकही लांबते. पण बाहेरच्या दारावर जे भांडण झालं असतं ते आत होतं.

दुसरं उदाहरण वेल्समधल्या फेअरबोर्नचं. इंग्लंड आणि वेल्सचा किनारा तुकड्यातुकड्यांत वाटून प्रत्येकाला चारपैकी एक धोरण दिलं जातं : रेषा राखा, रेषा पुढे न्या, ठरवून मागे सरका, हस्तक्षेप करू नका. तेही तीन कालखंडांसाठी, वीस वर्षांपर्यंत, पन्नासपर्यंत, शंभरपर्यंत. मांडणी म्हणून सुरेख. फेअरबोर्नला आधी 'राखा' आणि पुढे 'मागे सरका' असं आलं. २०५४ हे साल बोललं जाऊ लागलं. बातमी फुटल्यावर घरांची किंमत ढासळली, कर्ज मिळेना. समुद्र यायच्या कितीतरी आधी नकाशावरच्या रंगाने गाव बुडायला लागलं. घरं सोडावी लागली तर भरपाई कोण देणार, याला त्या चौकटीत रकानाच नव्हता. धोरण कदाचित बरोबरही असेल. 'निर्णय जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांचं काय होईल' हा परिणाम कुणी मांडलाच नाही.

तेव्हा शिक्क्याची शंका आली की एक खूण बघा : प्रक्रियेच्या मध्ये एखादा नवा पर्याय जन्माला आला का? पहिल्या दिवशीचे चार पर्याय शेवटच्या दिवशीही तसेच चार असतील तर तुमचा संशय बहुधा खरा आहे.

प्रश्न : कोणताही विषय निघाला की 'अजून अभ्यास व्हायला हवा' म्हणून तो ढकलला जातो. किती अभ्यास पुरे? – सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्यासाठी एक खेळ सांगते. अभ्यास सुरू करण्याआधीच त्याचे संभाव्य निकाल चिठ्ठ्यांवर लिही. मग प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन विचार, हे निघालं तर आपण काय करू? सगळ्या चिठ्ठ्यांना उत्तर एकच येत असेल तर तो अभ्यास ज्ञानासाठी खुशाल कर, या निर्णयासाठी तो लागत नाही. निर्णयशास्त्रात याला माहितीचं मूल्य म्हणतात, त्याचं रीतसर गणितही आहे, पण नव्वद टक्के काम चिठ्ठ्यांवर होतं.

आणि अभ्यास खरंच लागत असेल तरी हात बांधून बसावं लागत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागराची गोष्ट तुझ्या विषयातली आहे. तिथे हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे समुद्री प्राणी, वसंतात किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी तिथे उतरून ती अंडी खातात आणि पुढच्या प्रवासासाठी वजन वाढवतात. मच्छीमारांना तेच प्राणी आमिष म्हणून हवे असतात. पक्षी घटले तेव्हा भांडण लागलं : अंडी कमी पडली म्हणून घटले, की कारण दुसरीकडेच? दोन्ही बाजूंकडे शास्त्रज्ञ होते. वाद मिटेपर्यंत थांबले असते तर एकतर पक्षी संपले असते नाहीतर मासेमारी.

त्याऐवजी त्यांनी वाद चौकटीतच घेतला. पक्षी अंड्यांवर किती अवलंबून आहेत याची परस्परविरोधी प्रारूपं बाजूबाजूला ठेवली, प्रत्येकावर किती भरवसा हे आकड्यात लिहिलं, त्यावरून त्या वर्षी किती क्रॅब पकडू द्यायचे ते ठरवायचं, पक्षी-क्रॅब मोजायचे, आणि ज्या प्रारूपाचं भाकीत जवळ आलं त्याच्यावरचा भरवसा वाढवायचा, अशी ती रचना. २०१३ च्या हंगामापासून ती लागू झाली आणि पाच लाख नर, मादी एकही नाही, अशी मर्यादा ठरली. पकडणं आणि शिकणं एकाच वेळी.

पुढचं वळण मला आणखी आवडतं. २०२२ मध्ये सुधारित प्रारूपांनी थोड्या माद्या पकडायला हरकत नाही असं सांगितलं. लोकांनी जोरदार विरोध केला आणि मासेमारीची मर्यादा ठरवणाऱ्या मंडळाने माद्यांची मर्यादा शून्यच ठेवली. प्रारूप हरलं असं काहींना वाटलं. मला वाटतं, लोकांची किंमत दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या उद्दिष्टांपेक्षा पुढे गेली होती, आणि उद्दिष्टंही अधूनमधून पुन्हा विचारायची असतात हे आपण विसरतो.

प्रश्न : आमच्या बैठकांत जो मोठ्याने बोलतो तोच जिंकतो. पद्धत कितीही चांगली असली तरी याचं काय करायचं? – ग्रामसभेला नियमित जाणारी वाचक

उत्तर : आधी लिहायला लावा, मग बोलू द्या. मी खोलीत शिरताच कोरी कार्डं वाटते आणि दहा मिनिटं कुणालाही तोंड उघडू देत नाही. 'या किनाऱ्यावरची कोणती गोष्ट गेली तर तुम्हाला चालणार नाही?' एवढाच प्रश्न. कार्डावर नाव नाही. लिहिता येत नसेल तर शेजारच्याच्या कानात सांगायचं, त्याने लिहायचं. मग सगळी कार्डं भिंतीवर. मोठ्या आवाजाचं कार्डही इतरांएवढंच असतं, आणि तो माणूस दहा मिनिटं गप्प राहिलेला असल्यामुळे जरा निवळलेलाही असतो. बोलणं सुरू झालं की क्रमाने, आणि पदाधिकाऱ्यांना शेवटी. अध्यक्ष आधी बोलले की पुढची निम्मी माणसं त्यांचंच वाक्य फिरवून म्हणतात.

ही कार्डं मी टाकून देत नाही. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या त्या उपसागराचीही आहेत, कारण माझा तक्ता फाडून आम्ही दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बसलो तेव्हा पहिल्यांदा कार्डं वाटली होती. नावं नसली तरी एक कार्ड कुणाचं ते मला ओळखू आलं. त्यावर लिहिलं होतं : 'भरतीला बावीस पावलं कोरडी वाळू.' आमचा तरुण सर्वेक्षक हसला, म्हणाला, पावलांत कोण मोजतं? मग तो फीत घेऊन खाली गेला. होडीची लांबी आणि ती वळवून वर घ्यायला लागणारी जागा मोजून परत आला, आणि काही न बोलता तक्त्याच्या पहिल्या ओळीत मापाचं एकक खोडून त्याने 'पावलं' लिहिलं.